चौथा नट

चौथा नट गंजलेला नव्हता, आणि थोरलीला खटकत होतं ते नेमकं हेच.

गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी होती. काढलेली चाकं भिंतीशी रांगेत टेकवून ठेवलेली, आणि मागच्या डाव्या चाकाच्या रिकाम्या जागेत पुठ्ठा अंथरून थोरली आडवी झाली होती. कपाळावर बॅटरीचा पट्टा, नाकावर चष्मा. बाहेर उकिडवी बसलेली धाकटी हातात हातोडी धरून वाट पाहत होती.

"हलला?"

"नाही."

"मी ठोकू?"

"थांब जरा. मला बघू दे."

"ताई, सकाळपासून तुम्ही त्याच्याकडे बघताय. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतका वेळ लावत नाहीत."

थोरली हसली, पण नजर हलवली नाही.

या दोघी जावा. जावाजावांत उभा दावा असतो म्हणतात. या घरातही सुरुवातीला तो होताच, पण तो मिटला तो अण्णांमुळे, म्हणजे सासऱ्यांमुळे. मिटवण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. अण्णांना एक खोड होती: घरातली जी वस्तू फिरवून बंद होते, तिला निजायच्या आधी आणखी एक पीळ द्यायचा. साखरेची बरणी, नळ, तेलाची बाटली, औषधाची बाटली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात थोरली चहाची साखर काढायला गेली आणि झाकण उघडेना. पुढे काही वर्षांनी धाकटी आली, तिचंही तेच. मग दोघींनी मिळून एक रीत शोधून काढली. एकीने बरणी पोटाशी धरायची. झाकण आधी उघडायचं नाही, उलट केसभर आणखी आवळायचं. त्याच वेळी दुसरीने चमच्याच्या दांड्याने कडेकडेने ठोकायचं, आणि मग हळूच उलटं फिरवायचं. झाकण निमूट सुटायचं. आधी घट्ट, मग सैल. एका माणसाला हे जमत नाही, दोघी लागतात. रोज सकाळी जिला दुसरीशिवाय साखर मिळत नाही, ती दावा मांडणार कुठे?

आज तीच रीत गाडीखाली चालली होती, कारण सोमवारी दहा वाजता गाडी तपासणीला न्यायची होती.

धाकटी परिचारिका. मुलं लहान म्हणून काही वर्षं घरी बसली. आता डोंगरावरच्या वस्त्यांतून घरोघरी फिरून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करायचं काम तिला मिळत होतं. अट एकच: स्वतःची गाडी हवी, आणि ती तपासणीत पास झालेली हवी. अण्णांनी आपली जुनी गाडी तिच्या नावावर केली. पहिल्या तपासणीत निरीक्षकाने खाली वाकून ब्रेकच्या पाईपाला पेचकस लावला, तर गंजाची खपली त्याच्या बुटावर पडली. "हे चारही पाईप बदलून आणा, नाहीतर आणूच नका," तो म्हणाला.

कोपऱ्यावरचा मिस्त्री गाडीखाली गेला आणि मान हलवतच बाहेर आला. "पाईप बदलीन हो. पण टोकाचे नट सुटायला नकोत का? एक तुटला की पुढचा, त्याच्या पुढचा, असं करत गाडीच्या नाकापर्यंत जावं लागतं. माझं ऐका, भंगारात द्या."

घरातले दोघे भाऊ मिस्त्रीच्याच मताचे होते. ते मत देऊन दोघेही मुलांना पोहायला घेऊन गेले होते.

सोमवार हुकला तर काम दुसऱ्या बाईला जाणार होतं. तिथल्या मुख्य परिचारिकाबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, फार गोड आवाजात. संध्याकाळपर्यंत त्या फोन करणार होत्या, हो की नाही ते विचारायला.

थोरली रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करायची. रंग लावलेल्या लोखंडी पट्ट्या मिठाच्या धुक्यात टांगायच्या आणि त्या कुठून, कशा, किती गंजतात ते पाहायचं. गंज पाहणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे मिस्त्रीने ज्याची भीती घातली, त्याचं तिला भय नव्हतं, उलट ओळख होती. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो फटीत फुगतो आणि नट धरून ठेवतो. पण तो ठिसूळ असतो. त्याला एकदा तडा गेला की त्याची पकड गेली. हे नट बोल्टसारखे, आटे बाहेरून असलेले; पाईप त्यांच्या मधून जातो आणि ते चाकाजवळच्या भोकात पिळले जातात. आदल्या दिवशी तिने चारही नटांवर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी पहिल्या नटाला पाना लावला, केसभर आवळला, धाकटीने पान्याच्या डोक्यावर टकटक केली, आणि 'कट्' असा आवाज होऊन नट सुटला. दुसराही तसाच. तिसऱ्याने थोडे आढेवेढे घेतले, पण ठोक्यांपुढे त्याचंही काही चाललं नाही.

आणि चौथा हा असा. चकचकीत.

"धाकटे, पहिल्या तिघांना कुठला पाना लागला?"

"अकराचा. तुम्हीच मागितलात की."

"अकराचा याच्यावर फिरतो नुसता. दहाचा दे."

दहाचा पाना नटावर बरोब्बर बसला. थोरली जरा थबकली. एकाच गाडीचे चार नट, एकाच कामाचे. मग एक वेगळ्या मापाचा कसा?

"झिजला असेल," वरून अण्णा म्हणाले. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. मघापासून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होते.

"झिजला तर कोपरे गोल होतील, अण्णा. याचे कोपरे नव्यासारखे आहेत."

"मग जोर लाव. आजकालच्या मुलींना जोर म्हणून लावायला नको."

थोरलीने जोर लावला. नट बारीकसा फिरला, आणि तिने हात सैल सोडताच पाना स्वतःहून मागे आला. तिने पुन्हा लावला. पुन्हा मागे आला.

"परत येतोय," ती स्वतःशीच म्हणाली.

"कोण?" धाकटीने विचारलं.

"नट. थोडा फिरतो आणि परत जागेवर येतो. स्प्रिंगसारखा."

"मग चांगलं ना? फिरतोय म्हणजे सुटेल."

"नाही गं. गंज असा वागत नाही. गंज एक तर धरून ठेवतो, नाहीतर तुटतो. मागे ढकलत नाही. इथे धातू नुसता पिळला जातोय. आत कुठेतरी तो गच्च अडकलाय, गंजाशिवाय."

हे बोलताना तिचा आवाज एखादा चांगला पदार्थ चाखल्यासारखा झाला होता. धाकटीला ते दिसलं आणि तिचा पारा चढला.

"ताई, तुम्हाला गंमत वाटतेय."

"थोडी."

"माझी नोकरी आहे हो ती!"

थोरली पुठ्ठ्यावरून सरकत बाहेर आली आणि उठून बसली. चष्मा काढून पुसला. "म्हणूनच बघतेय," ती म्हणाली. "नुसती ओढाताण केली तर पाना घसरेल, कोपरे जातील, आणि मग तो नट आपल्याला तोंडही दाखवणार नाही. दे, करवत दे."

"करवत?"

"पाईप तर फेकूनच द्यायचाय. नटाच्या तोंडाशी कापून टाकला, की वरून टोपीसारखा बसणारा पाना घालता येईल. सहाही बाजूंनी धरेल."

धाकटीने खाली घमेलं सरकवलं. पाईप कापला तसं त्यातलं काळपट ब्रेक ऑइल थेंबथेंब त्यात पडलं. टोपीचा पाना नटावर घट्ट बसला. अण्णांनी मोठ्या उत्साहाने पंपाचा लांब दांडा आणून दिला, आणि थोरलीने तो पान्याच्या मुठीवर चढवला.

"बळी तो कान पिळी," अण्णा म्हणाले.

नट फिरला. पण 'कट्' आवाज झालाच नाही. त्याऐवजी दातांना शिरशिरी आणणारी लांब किरकिर झाली. थोरलीने पाव फेरा घेतला, थांबली, परत पाव फेरा. धाकटी पान्यावर टकटक करत राहिली, पण त्याने काही फरक पडत नव्हता. गंजलेला नट पहिल्या झटक्यानंतर सैल होत जातो, शेवटी बोटांनी फिरतो. हा मात्र जितका पहिल्या फेऱ्याला घट्ट, तितकाच शेवटच्या फेऱ्याला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा. बाहेर आला तेव्हा तो हाताला गरम लागला, आणि त्याच्या आट्यांत लोखंडाची बारीक चमकती भुकटी भरली होती.

"सुटला!" धाकटी ओरडली. "बघा, उगाच घाबरवत होतात."

थोरलीने नट ब्रशने साफ केला, आधी काढलेल्या तिघांपैकी एक उचलला आणि दोन्ही घेऊन खिडकीशी गेली. मागोमाग धाकटी गेली. त्यांच्या मागे, वर्तमानपत्र काखेत मारून, अण्णा.

"हे बघ." तिने दोन्ही नट आडवे धरून एकमेकांना टेकवले, एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसतील असे. "दोन कंगवे एकमेकांत घालतो तसं. उजेडाकडे धर. पहिला दात बसला?"

"बसला."

"दुसरा?"

"तोही."

"आता पुढे जा."

धाकटीने डोळा बारीक केला. पहिले दोन-तीन दात एकमेकांत नीट बसले होते. पुढचे किंचित सरकलेले, त्याच्या पुढचे आणखी, आणि टोकाशी तर दात दातावरच उभा होता. मधल्या फटीतून खिडकीचा उजेड दिसत होता.

"एक इंचाच्या मापाचा आहे आणि एक मिलिमीटरच्या," थोरली म्हणाली. "आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं. जवळजवळ! म्हणून सुरुवातीला वाटतं, बसतोय की. आणि हा चौथा डोक्याला लहान असला तरी आट्यांपाशी थोडा जाड आहे. गाडी जुनी, सगळी इंचाची. त्यात हा कुणीतरी दुसऱ्या गाडीचा नट घातलाय. दोन फेऱ्यांनंतर तो अडला असणार. तिथे थांबायचं, तर तसाच रेटून शेवटपर्यंत नेलाय."

दोघींनी एकाच वेळी अण्णांकडे पाहिलं.

"कुणी बसवला देव जाणे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी आपलं उजवं मनगट जरासं फिरवून न्याहाळलं. "पण बसवणाऱ्याच्या हातात दम होता, हे मान्य करा."

धाकटीला हसू आवरेना. थोरली मात्र परत गाडीखाली गेली होती. बॅटरीच्या उजेडात तिने चाकाजवळच्या त्या छोट्या सिलेंडरच्या भोकात पाहिलं. पायाचा दाब ऑइलमधून इथवर येतो, आणि इथून चाकाचे ब्रेक ढकलले जातात. आतले आटे उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते.

"हा सिलेंडर गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"यात नवा नट धरणार नाही."

"लावून तर बघू."

नव्या पाईपाबरोबर आलेला नट बोटांनी सहज आत गेला. जरा जास्तच सहज. पान्याने आवळला तेव्हा शेवटी शेवटी कुठेतरी अडल्यासारखा झाला आणि थांबला. दुपारभर दोघींनी चारही नवे पाईप जोडले, ऑइल भरलं, आणि अण्णांना ब्रेकवर बसवून एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा काढली. "दाबा अण्णा. धरा. सोडा." अण्णा आज्ञाधारकपणे दाबत, धरत, सोडत होते. शेवटी पेडल घट्ट लागलं. थोरलीने चारही नटांखाली पांढरा कागद धरून पाहिला. चारही कोरडे.

धाकटीने टाळीच वाजवली. "झालं! घोड्यांवरून खाली घेऊ या आता."

"एकदा जोरात दाबून बघू."

"आत्ता दाबलं की अण्णांनी."

"हळू दाबलं."

"ताई, इतकी वर्षं तो वाकडा नट होता ना तिथे? इतकी वर्षं आपण सगळे बसलोच ना या गाडीत? माझी मुलं बसली. काही झालं का?"

"तो जाड होता. रुतून बसला होता. हा बारीक आहे."

"तपासणीत कोणी नट उघडून बघत नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि धाकटीला स्वतःलाच ते ऐकू आलं. तिने मान फिरवली. थोरलीने आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नसे. भांडणात धाकटीला त्याचाच सर्वांत राग यायचा.

"उतारावरून येताना समोर एखादं पोर धावत आलं," थोरली म्हणाली, "तर तू असाच हळू पाय ठेवशील?"

धाकटीने हातातली हातोडी खाली ठेवली. "उठा अण्णा," ती म्हणाली. तिने गाडीचं दार उघडलं, अण्णा उतरताच ती बसली, आणि सकाळपासूनचा सगळा राग, नवऱ्याचं मत, मिस्त्रीची हललेली मान, बाईंचा गोड आवाज, सगळं त्या पेडलवर दोन्ही पायांनी उतरवलं.

चाकापाशी 'फट्' आवाज झाला. पाईप उडी मारून बाहेर आला आणि थोरलीच्या चष्म्यावर ऑइलची पिचकारी बसली. धाकटीच्या पायाखालचं पेडल थेट गाडीच्या तळाला टेकलं होतं.

थोरली नळाखाली चष्मा आणि तोंड धूत होती. धाकटी तशीच बसून राहिली, पाय त्या मेलेल्या पेडलवर.

"काहीच लागलं नाही पायाला," ती जराशाने म्हणाली. "पायरी चुकल्यासारखं."

मग ती उतरली आणि ओढणीला हात पुसत म्हणाली, "बाईंना कळवून टाकते. द्या म्हणावं दुसरीला."

"फोन त्या करणार आहेत ना? मग त्यांना करू दे," थोरली म्हणाली. "मिस्त्रीच्या मागच्या अंगणात अशीच एक गाडी पडलीय."

मिस्त्रीच्या अंगणातली गाडी कधी काळी पांढरी असावी. तिच्या तळातून एक झुडूप उगवून खिडकीपर्यंत आलं होतं. मिस्त्रीच्या हातातला चहा सांडायचा राहिला. "त्या गाडीचा सिलेंडर? घ्या की. निघाला तर घ्या. मी तर म्हणतो, झुडूपही न्या."

"चारातले तीन काढलेत आम्ही," धाकटी म्हणाली.

"आणि चौथा?"

"चौथा म्हणजे आमच्या घरची कला. वेगळं प्रकरण आहे."

पुठ्ठा इथेही सोबत आणला होता. गवतात तो अंथरून थोरली मागच्या डाव्या चाकाशी आडवी झाली. तिची एकच धास्ती होती: याही गाडीत कुणा मनगटवाल्याने काही रेटून बसवलेलं नसावं. तिने बॅटरी लावली. आणि गाडीखालून हसण्याचा आवाज आला.

"ताई? काय झालं?"

"गंज आहे गं!"

"काय?"

"गंज! चांगला तांबडा, पापुद्र्यांचा, जुना गंज! आणि पाना अकराचाच बसतोय. ये, बघ तरी."

मिस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला. गंज पाहून इतकं आनंदलेलं माणूस त्याने उभ्या जन्मात पाहिलं नसावं.

धाकटी आडवी झाली. दोघींना मिळून पुठ्ठा पुरत नव्हता, तिची अर्धी पाठ गवतात होती. तिने नटाकडे बराच वेळ पाहिलं, सकाळी थोरली पाहत होती तसं. कोपरे, रंग, कडेची फट. तेल सोडून दोघी तशाच पडून राहिल्या आणि ते फटीत हळूहळू कसं ओढलं जातं ते पाहत बसल्या.

"ते वर पण चढतंय," धाकटी म्हणाली. "उलटं. असं कसं?"

"फट अरुंद असली की चढतं. किती अरुंद तितकं वर."

"अच्छा," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "पाना माझ्याकडे द्या. तुम्ही ठोका."

तिने नट केसभर आवळला. थोरलीने टकटक सुरू केली. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा नटाने 'कट्' केलं. इतकं स्वच्छ, की मिस्त्रीलाही ते उभ्या उभ्या ऐकू गेलं. पुढचे फेरे धाकटीने बोटांनीच घेतले. आतले आटे नखाने चाचपून पाहिले, सगळे जागेवर. मग सिलेंडरचे दोन बोल्ट सुटले. थोरलीने तो उघडून आत बोट फिरवलं. आत सगळं काचेसारखं गुळगुळीत, ऑइलने जपलेलं. आतली रबरं तेवढी बदलावी लागणार होती, आणि नवी रबरं पाईपांबरोबर आधीच आलेली होती.

धाकटीच्या खिशातला फोन वाजला. तिचे हात कोपरापर्यंत काळे. थोरलीचे त्यातल्या त्यात बरे, म्हणून तिने तो काढून तिच्या कानाला लावला.

"हो बाई... हो, तपासणी सोमवारी दहाला... नाही, गाडीची अडचण नाही. म्हणजे होती. आत्ताच काढली... हो, नक्की येते."

फोन बंद झाला. थोरली काहीतरी म्हणणार होती, पण धाकटीने सिलेंडर ओढणीत गुंडाळता गुंडाळता तिला मधेच थांबवलं.

"माहितेय मला, अजून दाबून बघायचंय. उद्या बघू. आणि पेडलवर मीच बसणार, अण्णा नाही. दोन्ही पायांनी, दहादा. तुम्ही फक्त चष्मा घालून जरा लांब उभ्या राहा."